अक्कांची काळी पिल्लं

माझी कोंबडीची पिल्लं राणी कलरची होती. नातवंडांना हे सांगितलं की त्यांना वाटतं आजी फेकतेय. पण सोलापुरात भवानी पेठेच्या मागच्या अंगाला आम्ही राहायचो, त्या गल्लीत रंगीत पिल्लांचं कुणालाच काही वाटत नसे. निम्म्या घरांत माग चालायचे, उरलेल्या घरांतले पुरुष रंगाच्या कारखान्यात जायचे. चादरीचं सूत रंगवून झालं की हौदात उरलेलं रंगाचं पाणी कुणी ना कुणी तांब्याभर घरी आणायचं, आणि पिल्लं आठवडाभराची झाली की त्यांना त्यात बुचकळून काढायचं. डोकं वर धरायचं, चोचीत रंग जाऊ द्यायचा नाही आणि मग डालग्याखाली झाकून उन्हात वाळवायचं. रंगीत पिल्लू घारीला खायची वस्तू वाटत नाही, असं सगळ्यांचं म्हणणं. घारीला काय वाटतं ते तिला विचारून कोण आलंय, असं माझ्या मनात पहिल्याच दिवशी आलं. पण मी गल्लीत नवी होते, गप्प बसले.

शिवाय रंगाचा दुसरा एक उपयोग होता आणि तो मला जास्त पटला. प्रत्येक घराचा रंग ठरलेला असायचा. कोपऱ्यावरच्या घराची पिल्लं हिरवी, पिठाच्या गिरणीमागची नारिंगी, आमची राणी कलर. कुणाचं पिल्लू कुणाच्या डालग्यात शिरलं तर लांबून कळायचं.

मी मुळात संशयी. आता वय झाल्यावर कबूल करते, तेव्हा मी त्याला हुशारी म्हणायचे. माझे वडील बार्शीच्या भुसार बाजारात तोलार होते. दिवसभर धान्य तोलायचे आणि संध्याकाळी जेवताना आम्हा भावंडांना सांगायचे, की समोरचा गोड बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडं बघू नका, हाताकडं बघा. मी ते इतकं मनावर घेतलं की लग्नात मंगळसूत्र घालतानासुद्धा मी नवऱ्याच्या हातांकडंच बघत होते. ते हात कोपरापर्यंत निळे होते. हे रंगाच्या कारखान्यात आहेत नि तो रंग तिथला, ते कुणी आधी सांगितलं नव्हतं, त्यामुळं लग्नाचा पहिला आठवडा मला यांना काहीतरी रोग आहे आणि तो आमच्यापासून लपवलाय, याच विचारात गेला.

शेजारी अक्का राहायच्या. त्यांच्या घरात तेलुगू बोलायचे, आणि मराठी त्या आमच्यापेक्षा ठसक्यात बोलायच्या. नवरा मागावर, पाच पोरं वाढवून मार्गी लावलेली, हात कायम कशात तरी गुंतलेला. आमच्या दोन घरांचं परडं एकच होतं. मध्ये तुरकाठ्यांचा तट्टा होता खरा, पण त्याला इतकी भोकं होती की कोंबड्यांच्या हिशेबी तो नव्हताच.

बहात्तरचा दुष्काळ उलटून दोन वर्षं झाली होती आणि मला पहिल्यांदा दिवस गेले होते. माझी आई मी लहान असतानाच गेली होती. सासू गावाकडं अंथरुणाला खिळलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण मला करणारं माहेरी कुणी नव्हतं. हे कळलं तेव्हा अक्कांनी नळावर चार बायकांसमोर सांगून टाकलं, की हिचं बाळंतपण माझ्याकडं. दवाखान्यात न्यायचं, सोबत राहायचं, घरी आणून न्हाऊ-माखू घालायचं, सगळं त्या करणार. मी घरात येऊन दार लावून रडले. एवढं कुणी माझ्यासाठी बोललं नव्हतं. आणि डोळे पुसता पुसता माझ्या मनात आलं, की ह्या बाईला माझ्याकडून नक्की काय पाहिजे असेल?

कोंबडी मावशीनं पाठवली होती. बार्शीकडून येणाऱ्या एका गाववाल्याबरोबर एसटीनं, पाटीत घालून, वर फडकं बांधून. बाळंतपणात अंडी खा, असा निरोप होता. माहेराहून आलेली तेवढी एकच गोष्ट माझ्याकडं होती. ती खुडूक बसली, आणि तिनं नऊ पिल्लं काढली. त्याच सुमाराला अक्कांच्या कोंबडीचीही पिल्लं निघाली. पाच. हा आकडा मी नीट लक्षात ठेवला होता.

घारींचा त्या वर्षी उच्छाद होता. सकाळचं ऊन तापलं की दोन-तीन घारी गल्लीवर गिरक्या घ्यायला लागायच्या. कुणी आरशाचे तुकडे दोऱ्याला बांधून पत्र्याला टांगले होते, कुणी मेलेला कावळा काठीला लटकवला होता, त्याचा वास यायचा ते वेगळंच. आमच्या परड्यात एक सोय आपोआप झाली होती. रंगवलेल्या सुताच्या लडी वाळवायला बांबू आडवे टाकलेले असायचे. लडी लोंबत असल्या की घार खाली उतरत नाही, तिचे पंख अडकतात. म्हणून पिल्लं लडींच्या सावलीत चरायला सोडायची आणि राखणीला कुणीतरी बसायचं. मला सकाळी पाणी भरायचं, डबा करायचा, म्हणून सकाळी अक्का बसायच्या, मागासाठी कांड्या भरत. दुपारी मी. माझ्याजवळ एक पितळी ताट आणि उलथनं असायचं. घार दिसली की ताट वाजवायचं आणि मान वर करून बघत राहायचं. मान दुखायची, पण मी डोळ्यांत तेल घालून बसायचे.

तरी पिल्लं जायला लागली.

पहिलं गेलं तेव्हा मी हळहळले. दुसरं गेलं तेव्हा अक्कांची पाळी होती. तिसरं गेलं तेव्हाही अक्काच बसल्या होत्या. मी विचारलं, घार आली होती का? त्या म्हणाल्या, वर फिरत होती, पण खाली आलेली मी बघितली न्हाय. ना कोंबडी ओरडली, ना एक पीस पडलेलं. घार पिल्लू उचलते तेव्हा कोंबडी गल्ली डोक्यावर घेते, हे मी लहानपणापासून बघत आले होते. मनात पाल चुकचुकली. घार वर फिरतेय, खाली येत नाही आणि पिल्लं तर कमी होतायत. मग घेऊन जाणाऱ्याला पंख आहेतच कशावरून?

चौथं गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्कांची पिल्लं काळी झाली.

आदल्या दिवशीपर्यंत ती पिवळी-राखाडी होती, कारण अक्कांनी रंग द्यायचा आळस केला होता. आणि एकदम काळी कुळकुळीत. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, काळा रंग का? त्या म्हणाल्या, घार कावळ्याच्या वाटंला जात न्हाय, कावळे मिळून तिला पळवून लावतात. काळं पिल्लू तिला कावळ्याचं वाटतं. उत्तर चांगलं होतं. मला जरा जास्तच तयार वाटलं.

कारण काळ्या रंगाचं मला दुसरंच माहीत होतं. रंगाच्या कारखान्यात सूत बिघडलं, रंग फिका-गडद बसला, डाग पडले, की ते काळ्यात घालतात. काळ्याखाली सगळं झाकतं. हिरव्यावर लाल बसत नाही, राणीवर पिवळा बसत नाही, पण काळा कशावरही बसतो. हे आमच्या यांनीच मला किती वेळा सांगितलं होतं. मग राणी कलरची पिल्लं ज्याला स्वतःची म्हणून मिरवायची आहेत, त्यानं काय करावं?

मी हे यांना जेवताना सांगितलं. ते हसले. म्हणाले, तू उद्या माझ्यावरसुद्धा संशय घेशील. त्यांनी घरात आणलेला काळा रंग कुठं खर्च झाला, हे मी सकाळीच त्यांचा कारखान्याच्या सामानाचा डबा उघडून तपासलं होतं, ते काही मी बोलले नाही. हे म्हणाले, अक्कांनी परवा माझ्याकडूनच मागून नेला, मी दिला. ह्यावरून माझी खात्रीच पटली. चोरी करायची आणि झाकायला रंगही आमचाच.

मग मी तट्ट्याच्या भोकातून अक्कांची पिल्लं मोजायला लागले. काळी पिल्लं मोजणं फार अवघड. एक इथून तिथं गेलं की तेच की दुसरं, कळत नाही. एकदा पाच भरली. एकदा सात भरली. मी सातच धरली. पाच भरली तेव्हा दोन कोंबडीच्या पंखाखाली असणार, असं मी स्वतःला समजावलं. एकदा अक्कांनी वाटीभर कालवण पाठवलं. चिंच घातलेलं, झणझणीत. एरवी मी ते बोटं चाटून खाल्लं असतं. त्या दिवशी मी चमच्यानं तळ ढवळून बारीक हाडं शोधली. निघाले शेवग्याचे तुकडे. तरी अर्धीच वाटी खाल्ली, उरलेलं तसंच परत दिलं.

सातव्या महिन्याचं पोट घेऊन मी भोकाला डोळा लावून वाकलेली असायचे आणि पलीकडून अक्का हाक मारायच्या, पोरी, दूध घेतलंस का? मी म्हणायचे, व्हय घेतलं. आणि परत मोजायचे. सगळ्यात वाईट हे होतं की मला त्यांची गरज होती. बाळंतपणाला दोन महिने राहिले होते. आत्ता बोललं तर ही बाई तुटेल, आणि नाही बोललं तर मी चोराच्या हातात माझं बाळ देणार. ह्या दोन्हीच्या मध्ये माझं डोकं दिवसभर फिरायचं. कसंही करून मला आधी खात्री करून घ्यायची होती.

अक्का बाजाराला गेल्या त्या दिवशी मी ती करून घेतली.

तट्ट्याच्या फटीतून हात घालून मी एक काळं पिल्लू उचललं. मुठीत ते गरम आणि हलकं होतं, आणि त्याचं काळीज माझ्या बोटांना लागत होतं. मोरीत बसून मी कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घातला आणि पिल्लू चोळलं. पाणी काळं झालं, पण पिल्लू काळंच राहिलं. मग मी यांच्या डब्यातली चिमूटभर ब्लिचिंग पावडर घेतली. सुताचा रंग उतरवायला ती वापरतात. मला ठाऊक होतं की ती हाताला चरचरते. मला ठाऊक होतं आणि मी घातली. वरचा काळा उतरला की खालचा राणी कलर दिसेल, ह्याची मी वाट बघत होते. मी तर त्याला म्हणत होते, दिसू दे, दिसू दे.

काळा उतरला. खाली राणी कलर नव्हता. पिवळट राखाडी पिसं होती, अंड्यातून आली तशी.

पिल्लू चोच उघडी ठेवून थरथरत होतं. मी त्याला पदरात गुंडाळून चुलीजवळ बसले. फुंकर घातली, पाठीवरून बोट फिरवलं. माझ्या पोटातलं बाळ लाथा मारत होतं आणि हे माझ्या मांडीवर थंड होत गेलं. मेल्यावर ते इतकं छोटं दिसलं की पाच काय नि सात काय, मोजत बसले होते त्याची मला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून माणूस सुधारतंच असं नाही. मी परड्याच्या कडेच्या उकिरड्यात राख बाजूला केली, पिल्लू ठेवलं आणि वर राख ओढली.

अक्का आल्या. मी उठून स्वतःच सांगायला गेले. म्हणाले, "अक्का, तुमचं एक गेलं. घारीनं नेलं. माज्या डोळ्यांदेखत."

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि माझ्याच पाठीवर हात फिरवला. म्हणाल्या, अशा दिवसांत तू त्याचा घोर लावून घेऊ नको, पिल्लाचं काय, गेलं तर गेलं. संशयाचा एक शब्द नाही. मी त्यांच्या जागी असते तर विचारलं असतं, घारीनं नेलं तर कोंबडी ओरडली का नाही?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी राखणीला बसले, पण वर बघायचं मला धाडस होईना. सगळ्यांनी मिळून घारीवर ढकललेल्या पापात माझंही एक होतं. मी मान खाली घालून जमिनीकडंच बघत बसले, आणि म्हणून मला ते दिसलं. घारीच्या निम्म्याहून लहान, राखाडी पाठीचा एक पक्षी परड्याच्या टोकाच्या कडुलिंबातून सुटला. तो वर गेला नाही. तट्ट्याच्या कडेनं, जमिनीपासून हातभर उंचीवरून, लडींच्या खालून तो सरळ आला, माझं एक राणी कलरचं पिल्लू पायात धरलं आणि दुसऱ्या बाजूनं निघून गेला. पंखाचा आवाज नाही. कोंबडीनं मान वळवेपर्यंत तो भिंतीपलीकडं होता. तो शिकरा होता. आम्ही सगळे आभाळाकडं बघत ताटं वाजवत होतो आणि हा रोज आमच्या पायांशी येऊन जात होता.

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. अक्कांना ओरडून सांगावं असं वाटलं, आणि सांगितलं की सगळंच सांगावं लागेल अशी भीती वाटली. मी म्हटलं, संध्याकाळी बघू.

संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं नाही. कोंबड्या उकिरडा उकरतातच. अक्कांच्याच कोंबडीनं राख उकरली. मी घरात तांदूळ निवडत होते. अक्का दारात आल्या. त्यांच्या तळहातावर ते पिल्लू होतं, रंग नसलेलं, राखेनं माखलेलं. त्यांनी ते नाकाजवळ नेलं होतं, ते मला कळलं. आमच्या गल्लीत ब्लिचिंगचा वास न ओळखणारं कुणी नव्हतं. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं. बोटांची कातडी पांढरी पडून सोलली होती.

मी हात तांदळात खुपसले. त्यांना सगळं जोडायला फार वेळ लागला नाही. तट्ट्याचं भोक, अर्धी खाल्लेली वाटी, काळा रंग का ह्याची माझी चौकशी. त्या उंबऱ्यापलीकडंच उभ्या राहिल्या.

"मला सांगायचं होतंस की," त्या म्हणाल्या. "मीच धुऊन दाखवलं असतं. रिठ्याच्या पाण्यानं. मेलं नसतं ते."

एवढं बोलून त्या गेल्या. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी भांडणाला भांडण दिलं असतं आणि आमची फिटंफाट झाली असती.

दोन दिवस तट्ट्यापलीकडून हाक आली नाही. तिसऱ्या दिवशी मी हिंमत करून गेले आणि शिकऱ्याचं सांगितलं, कुठून येतो, किती खालून येतो. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठून मागाखाली पडलेल्या टाकाऊ सुताचं बोचकं काढलं. लिंबापासून तट्ट्यापर्यंत आम्ही दोघींनी खुंट्या ठोकल्या आणि गुडघाभर उंचीवर सूत आडवं-उभं ताणलं, निळं, लाल, हिरवं, जे हाताला येईल ते. दिवसभर आम्ही काम केलं आणि फक्त सुतापुरतं बोललो. धर, ओढ, सोड. शिकरा पुढं दोन-तीनदा लिंबावर येऊन बसला, पण त्या जाळ्याखाली शिरला नाही. माझी चार पिल्लं मोठी झाली. अक्कांचीही चार झाली. त्यांची मूळची पाच होती. एक मी नेलं होतं.

बाळंतपणाला त्या येतील की नाही हे मला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. विचारायला तोंड नव्हतं. एका सकाळी पोटात कळा सुरू झाल्या, हे कामावर गेलेले, आणि मी भिंत धरून उभी होते. हाक न मारताच त्या तट्ट्याकडून आल्या. टांगा आणला, दवाखान्यात नेलं, माझा हात धरून बसल्या. मुलगी झाली. तिला पहिल्यांदा हातात घेतलं ते त्यांनीच.

पुढं दीड महिना त्या रोज यायच्या. मुलीला तेल लावायच्या, न्हाऊ घालायच्या, मला शेकायच्या, माझ्याच कोंबडीचं अंडं उकडून द्यायच्या. कुठं हात आखडला नाही की कधी टोमणा मारला नाही. फक्त काम झालं, निघायची वेळ झाली, की त्या उंबऱ्यावर थांबायच्या. पदराचं टोक धरून तो दोन्ही बाजूंनी झटकायच्या. दोन्ही तळहात उघडे करून माझ्याकडं वळवायच्या. मग जायच्या.

पहिले दोन दिवस मला वाटलं, बेसनपीठ उडालंय ते झटकतायत. तिसऱ्या दिवशी मला कळलं, ते मला दाखवण्यासाठी होतं. मी खाटेवरून उठून त्यांचा हात धरला. म्हटलं, "अक्का, असं नका करू. माझं चुकलं. पाया पडते."

त्यांनी हात सोडवून घेतला, पण हळू. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तुला नीट झोप लागंल."

ती गल्ली सोडेपर्यंत, माझ्या घरातून निघताना प्रत्येक वेळी, अगदी हळदीकुंकवाला आल्या तरी, त्यांनी पदर झटकला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नसायचा. सवय झाली होती त्यांना. मी त्या वेळी दुसरीकडं बघायला हवं होतं, तेवढं तरी मला जमायला हवं होतं. पण खरं सांगते, त्या झटकायच्या तेव्हा मी बघत असायचे.